दोन चमच्यांच्या पुढे

"हा कप तेवढा घेऊन जा," मान वर न करता ती म्हणाली.

समोरच्या माणसानं कप घेतला. पायरीवर सांडलेला कॉफीचा थेंब रुमालानं पुसला, कठड्यावर कुणीतरी ठेवून दिलेले पेले उचलले, सगळं एका हातात अलगद धरलं आणि खांद्यानं दार ढकलून तो आत गेला. थोड्या वेळानं परत आला... आणि तिच्यापासून एक पायरी सोडून चक्क बसला.

तेव्हा कुठे तिनं वर पाहिलं.

"तुम्ही या हॉलचे नाही?"

"नाही."

"मग कप का घेतलात?"

"तुम्ही दिलात म्हणून."

ती ओशाळली. पण हसू यायचं ते आलंच, आणि ते लपवायला तिनं बाजूला काढून ठेवलेले बूट उगाचच सरळ केले.

ही हॉलची मागची पायरी. आत शहरातल्या रेस्टॉरंटांना वर्षाची बक्षिसं वाटणं चाललं होतं. मधूनच टाळ्यांचा आवाज दारातून बाहेर यायचा आणि दार मिटलं की तुटायचा. बाहेर भुरभुर पाऊस होता, भिजवण्याइतकाही नाही. टाळ्या ज्यांच्यासाठी नव्हत्या अशी माणसं हळूहळू या पायरीकडे येतात, हे दरवर्षीचं. या वर्षी ही दोघं आली.

तिला सगळे 'भाची' म्हणत. रेस्टॉरंट तिच्या मावशीचं, आणि तिथे भाजीवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांनी मावशीच्याच तोंडून तिला ओळखलेलं, म्हणून ती भाची. आपणही तेच म्हणू. आणि तो? तो बँकेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर जे रेस्टॉरंट आहे, तिथला मुख्य वाढपी. हल्ली या कामाला भारदस्त नावं आहेत. त्याला वाढपीच आवडायचं.

"तुमचं काय गेलं?" त्यानं विचारलं.

"सूप. भोपळ्याचं. उत्तेजनार्थ मिळालं." तिनं मांडीवरचं प्रमाणपत्र उलटं केलं. "गेल्या वर्षीही उत्तेजनार्थ. त्याच्या आधीही उत्तेजनार्थ. उत्तेजन घेऊन घेऊन दम लागलाय आता मला."

"मला तेही नाही."

"कशात होतात?"

"उत्तम अगत्य."

तिनं रुमालाकडे, पुसलेल्या पायरीकडे, रिकाम्या कठड्याकडे पाहिलं. "तुम्हाला नाही मिळालं? मग कुणाला मिळालं?"

"परीक्षकांनी शेरा मारलाय— अगत्य जास्त झालं." तो अगदी शांतपणे सांगत होता. "त्यांनी घास तोंडात घातला की मी पुढे व्हायचो. कसं झालंय? त्यांना बोलता यायचं नाही. मग त्यांनी मान हलवली की मी विचारायचो, अजून काही आणू?"

"प्रत्येक घासाला?"

"सुरुवातीच्या."

ती आता मोकळेपणी हसली. तो हसला नाही, पण त्याचे कान जरा मागे सरकल्यासारखे झाले. काही माणसं कानांनी हसतात, त्यातला तो.

"मी तर आता सोडणारच आहे," हसू ओसरल्यावर ती म्हणाली.

"सूप?"

"मावशीचं स्वयंपाकघर. दुसऱ्या गावात पाकिटातलं सूप करायचा कारखाना आहे. त्यांना चव बघायला माणूस हवाय. मी ठरवलं होतं, या वर्षी पहिलं आलं तर राहायचं, नाहीतर जायचं. महिनाअखेरच्या सोमवारी ते फोन करणार आहेत, तेव्हा हो किंवा नाही सांगायचं."

"मावशींना माहीत आहे?"

"कारखान्याचा पत्ता मावशीनंच आणला."

आत पुन्हा टाळ्या वाजल्या. या खेपेच्या जोरदार होत्या. सर्वोत्तम सूपवाल्याला ढाल दिली जात होती. उंच पांढरी टोपी घालणारा तो शेफ शहरात 'टोपीवाला' म्हणूनच प्रसिद्ध होता.

"त्याचं सूप खाल्लंय तुम्ही?" वाढप्यानं विचारलं.

"आत सगळ्यांनी खाल्लं. दोन चमचे."

"तसं नाही. जाऊन, बसून."

"त्याच्या दारात मी पाऊलसुद्धा ठेवणार नाही."

"खोट काढायला..."

भाचीनं बूट पायात चढवले. नाडी बांधली. दुसरी नाडी बांधता बांधता म्हणाली,

"सोमवारी दुपारी मला सुट्टी असते."

*

सोमवार येण्याआधी या बक्षिसांचं थोडं समजून घेऊ.

सर्वोत्तम सूप ठरवायचं तर सगळ्या रेस्टॉरंटांचं सूप एका दिवसात चाखावं लागतं. पोट एकच असतं. म्हणून परीक्षक छोट्या कपातून प्रत्येक सुपाचे दोन चमचे घेतात, पाणी पितात, पुढे सरकतात. एखाद्याचा तिसरा चमचा घेतला तर ती बातमी संध्याकाळपर्यंत गावभर होते. यात लबाडी कुणाचीच नाही. दुसरं करणार तरी काय?

भाचीला हे पाठ होतं. तिनं तीन वर्षं त्या दोन चमच्यांसाठीच मेहनत घेतली होती. भोपळा भाजायचा, तोही कडा काळ्या होईपर्यंत. त्यात भाजलेला लसूण, साय, लोणी, मिरी, लिंबाची साल, आणि मीठ असं की त्याच्याही पुढे एक कणी टाकली तर बिघडेल. पातेल्यावर वाकून ती चमच्यानं चव घ्यायची, डोळे मिटायची. दिवसातून कितीदा तरी. पहिला चमचा जिभेवर आला की माणूस बोलायचा थांबला पाहिजे, हे तिचं माप.

"भोपळ्याचं करशील तर भोपळाच मिळणार," मावशी प्रमाणपत्र फ्रिजवर ठेवत म्हणाली. तिथे आधीची दोन होतीच. "जा त्या कारखान्यात. तिथे निदान वर्षातून एकदा तोंड पाडून बसायला लागणार नाही."

"तुला मी नकोच आहे का इथे?"

"हवी असलीस तरी तोंड पाडलेली नको."

मावशीची माया अशीच, फोडणीशिवायची. भाचीला ते लहानपणापासून ठाऊक होतं. पण त्या दिवशी मात्र तिला वाटलं, एकदा तरी मावशीनं 'राहा गं' म्हणावं. मावशी कांदे मोजून घेत होती, म्हणाली नाही.

*

टोपीवाल्याच्या रेस्टॉरंटात दाराशीच काचेच्या पेटीत ढाल मांडली होती, वरून छोटा दिवा सोडून. भाचीनं तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दोनदा बघितलं.

त्यांना कोपऱ्यातलं टेबल मिळालं. आणि बसल्याबसल्या तिच्या लक्षात आलं, की या माणसाला बसता येत नाही. खुर्ची तापली असावी तसा तो टोकावर टेकला होता. शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा रुमाल पडला, हा उठला. मिठाची बाटली वाकडी होती, ती सरळ केली. पलीकडे एकजण वेटर दिसतोय का म्हणून मान वळवत होता, तेव्हा हा अर्धा उभा राहिलाच.

"बस ना रे!" ती म्हणाली.

'रे' निघून गेला होता. तो परत घेता येत नाही. दोघांनाही ते कळलं आणि दोघांनीही कळलं नाही असं दाखवलं. वाढपी मात्र पाठ टेकवून बसला.

सूप आलं. मशरूमचं, गडद, वर सायीची एक बारीक रेघ. भाचीनं चमचा भरला, फुंकर घातली, तोंडात घेतला... आणि डोळे मिटले.

"वाईट आहे ना?" वाढप्यानं आशेनं विचारलं.

"गप्प बस."

"म्हणजे चांगलं आहे."

"ओल्या जंगलात कुणीतरी लोणी कढवतंय," डोळे न उघडता ती म्हणाली. मग डोळे उघडले तर ते भरलेले. "फार चांगलं आहे रे. मी उगाच रडत होते. त्याचंच होतं पहिलं बक्षीस."

"खा की मग."

"खाते. टोमणे नकोत."

ती खाऊ लागली. दुसरा चमचा पहिल्यासारखाच. तिसराही. मग कधीतरी तिनं पाणी घेतलं. मग पावाचा तुकडा. मग चमचा बाऊलच्या कडेला टेकवून ती खिडकीबाहेर बघत राहिली, आणि आपण थांबलोय हे तिला जरा उशिरानंच कळलं. बाऊल अर्धा होता. त्याचाही अर्धाच होता.

वाढपी सुपाकडे बघतच नव्हता. त्याची नजर आतल्या दाराकडे होती.

"ते बघ," तो हळूच म्हणाला. "परत चाललेले बाऊल. त्या काकांचा अर्धा. त्या जोडप्याचे दोन्ही अर्धे. तक्रार कुणाचीच नाही बघ. वा वा म्हणतायत आणि ठेवून देतायत."

भाचीनं पुन्हा एक चमचा घेतला, या वेळी शोधत. आणि तिला कळलं.

"हा पहिल्याच चमच्यात सगळं बोलून टाकतोय! पुढे याच्याकडे सांगायला काही नाही. तेच ते, तेच ते, मोठ्या आवाजात. माणूस दमतो." तिनं टेबलावर हलकेच मूठ आपटली. "हरला की टोपीवाला! ढाल घेऊन हरला!"

"सापडली खोट."

"सापडली!" तिचा चेहरा उजळला होता. त्या उजेडात तिनं एक वाक्य बोलून टाकलं, जे कुठल्याही स्वयंपाक्यानं अशा वेळी बोललंच असतं. "आमच्याकडे असलं काही होत नाही."

वाढप्यानं पाण्याचा पेला उचलला. पाणी प्यायला. पेला होता तिथेच ठेवला आणि मग पुन्हा उचलला.

"होत नाही ना?" ती म्हणाली.

तो पेला गोल फिरवू लागला.

"तू आलायस कधी आमच्याकडे?"

"एकदा. थंडीत. खिडकीपाशी बसलो होतो."

"भोपळ्याचं घेतलंस?"

"हो."

"मग?"

"पहिला चमचा या सुपाहून चांगला होता. शपथेवर सांगतो."

"आणि पुढे?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलायला पुरेसा वेळ होता, आणि तो त्यानं नुसताच जाऊ दिला.

"अर्धं टाकलं मी."

भाचीनं मांडीवरचा रुमाल घडी करून टेबलावर ठेवला. फार नीट घडी केली.

"हे पायरीवर का नाही सांगितलंस?"

"तेव्हा ओळख नव्हती."

"आणि आता आहे म्हणून सांगितलंस?"

"आता... नसतं सांगितलं तर बरं झालं असतं असं वाटतंय."

ती उठली. "यापुढे आमच्याकडे येऊ नका," ती म्हणाली. या 'नका'नं वाढप्याला जे व्हायचं ते झालं. ती ढालीच्या पेटीवरून निघून गेली, या वेळी खरोखरच तिकडे न बघता. तो दोन अर्ध्या बाऊलांसमोर बसून राहिला, आणि ते उचलायला वेटर आला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं मदतीला हात पुढे केला नाही.

*

स्वयंपाकघराला बहुतेक दोन दारं असतात. एकातून भरलेली ताटं बाहेर जातात, दुसऱ्यातून रिकामी आत येतात. शेगडी अशी असते की स्वयंपाक्याचं तोंड पहिल्या दाराकडे असतं आणि पाठ दुसऱ्याकडे. त्यामुळे काय गेलं ते त्याला दिसतं. काय परत आलं ते पाठीमागून निघून जातं.

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी भाचीनं पातेलं मावशीच्या हवाली केलं आणि ती मागे वळून उभी राहिली.

बाऊल येत होते. पिवळे, अर्धे. एखादा पाऊण. एखादा चाटूनपुसून साफ, पण तो एका भुकेल्या पोराचा होता, आणि त्यानं टेबलावरची फुलंही खाल्ली असती. भांडीवाल्या काकू बाऊल बादलीत उपडे करत होत्या.

"काकू, रोज असंच?"

"असंच की. मला वाटायचं, माणसं नखऱ्याची."

जेवणाची वेळ सरल्यावर भाचीनं सुपाचा भरलेला बाऊल घेतला आणि बाहेर, गिऱ्हाइकाच्या टेबलावर, गिऱ्हाइकासारखी बसली. मावशी धावत आली. "बरं नाही का तुला?" या घरात दिवसाउजेडी बसलेलं माणूस म्हणजे आजारी माणूस.

"बरी आहे. जेवतेय."

पहिल्या चमच्याला तिला स्वतःचा अभिमान वाटला. बाऊल निम्म्यावर आला आणि तिला तो ढकलून द्यावासा वाटला. लोणी जिभेवर बसलं होतं, मीठ हट्टानं पुढे पुढे करत होतं, लसूण तर जाहिरातच करत होता. इतकी वर्षं तिनं हे सूप केलं होतं आणि एकदाही ती ते जेवली नव्हती. उभ्याउभ्या चमचाभर चाखलं होतं फक्त. चाखणं वेगळं आणि जेवणं वेगळं. गिऱ्हाइकाला हे सांगावं लागत नाही, कारण ते बसूनच खातं. ही चूक करायला स्वयंपाकीच व्हावं लागतं.

"मावशी, तू कधी पूर्ण बाऊल खाल्लायस हा?"

"मला कधी वेळ होता गं बसायला?" मावशी म्हणाली. थोडी घुटमळली. "...का? काय झालं?"

मग भाची कामाला लागली. लोणी कमी केलं तर सूप बावळट झालं. मीठ उतरवलं तर मुकं झालं. लसूण काढून टाकला, पुन्हा घातला, अगदी शेवटी आणि अगदी थोडा. रोज एक पूर्ण बाऊल ती बसून खायची.

"सूप करायला ठेवलीय तुला की प्यायला?" मावशी विचारायची. पण एक दिवस चव बघता बघता मावशीनं पायानं स्टूल ओढलं आणि त्यावर बसून बाऊल संपवला, आणि आपण बसलोय हे कळल्यावर चिडून उठली.

सूप पोटभर खाता येईल असं होत चाललं होतं. पण त्याची चमक गेली होती. पहिला चमचा साधा होता, अगदी साधा. परीक्षकांच्या दोन चमच्यांत हे सूप कधीच बसणार नव्हतं. उत्तेजनार्थही नाही. आणि कारखान्याला तर तिची तीच जुनी जीभ हवी होती. मोठाल्या पिंपांतून एकेक चमचा घ्यायचा, चाखायचा, थुंकायचा, आकडा सांगायचा. तिथे तिच्याइतकं हुशार कुणी ठरलं नसतं. तिथे अर्धे बाऊल परत येत नाहीत. तिथे बाऊलच नसतात.

फोनचा, महिनाअखेरचा सोमवार जवळ येत होता.

"जा नाहीतर राहा," मावशी म्हणाली, "पण ठरव बाई. तू गेलीस तर मला माणूस शोधायला हवा. आणि तो काही तुझ्यासारखा मिळायचा नाही, म्हणून आधीपासून शोधायला हवा."

भाची चमकून बघत राहिली. मावशीनं पाठ केली आणि ती कांद्यांना नावं ठेवू लागली.

एकच गोष्ट तिला स्वतःला कळत नव्हती. आपलं सूप आपल्याला आवडलं, तर ते खरंच आवडलंय की नुसती दमणूक बोलतेय? गिऱ्हाइकं वा वा म्हणणारी. या गावात अर्धं टाकून ते तोंडावर सांगणारा माणूस एकच होता, आणि त्याला तर तिनं येऊ नका म्हटलेलं.

शनिवारी पाववाला आला. तो बँकेच्या इमारतीतही पाव टाकायचा.

"तिथल्या मुख्य वाढप्याला एक निरोप द्याल? म्हणावं, येऊ नका म्हटलं होतं ते मागे घेतलंय."

"बस्स? एवढंच?"

"एवढंच. आणि सोमवारी दुपारी."

"सोमवारी मागे घेणार की घेतलंय?"

"अहो, तुम्ही सांगा तर!"

"सांगतो. मला काय," पाववाला पाट्या उचलत म्हणाला. "पाव रोज कुणाला द्यायचे ते कळतं मला. बाकी माणसांचं तुम्ही बघा."

*

सोमवारी दुपारी रेस्टॉरंट बंद होतं. खुर्च्या टेबलांवर उलट्या. एकाच टेबलाच्या दोन खुर्च्या तेवढ्या खाली उतरवलेल्या. बाहेर पुन्हा तसाच भुरभुर पाऊस, आणि दारात तो. छत्री मिटवून आत घ्यावी की बाहेर ठेवावी, या विचारात.

"ये," ती म्हणाली. "आत घे ती."

'ये' ऐकून त्याचे कान किंचित मागे सरकले. तो आला. बसला, पाठ टेकवून.

तिनं दोन बाऊल आणले आणि समोर बसली. हातांचं काय करावं ते तिला कळेना, म्हणून तिनं पाव तोडला. तो खाईपर्यंत बोलायचं नाही असं ठरवलं होतं. त्यानं पहिला चमचा घेतला.

"काय?" ती म्हणालीच.

"साधं आहे."

"साधं म्हणजे?"

"म्हणजे अजून काही कळलं नाही. घास तोंडात असताना विचारू नये. मी शिकलोय आता."

"खरंच सोडलंस विचारणं?"

"लांब उभा राहतो. भिंतीपाशी. गिऱ्हाइकांना वाटतं मी रागावलोय. परवा एका आजोबांनी जाताना माफी मागितली माझी."

ती हसली. तो सांगत गेला. मालकानं त्याला बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. तिनं लसणाची हकीकत सांगितली, आणि मावशी स्टुलावर बसल्याची. आतून मावशीनं भांडं जरा जोरात ठेवलं. बोलता बोलता चमचे बाऊलमध्ये जात होते, येत होते. भोपळ्याचा गोडवा आता कुठे वर येऊ लागला होता, सावकाश, बोलावल्यासारखा, आणि त्याच्यामागून मिरीची बारीकशी ऊब. बाऊल अर्ध्याच्या खाली गेले. त्याला ते कळलं नाही. तिला कळलं.

ती त्याच्या बाऊलकडेच बघत राहिली.

"काय गं?"

"काही नाही. तू खा." मग, बऱ्याच वेळानं, "एक विचारू? त्या दिवशी तू गप्प राहिला असतास तर काय बिघडलं असतं?"

"काही नाही. तू परीक्षकांना मूर्ख म्हणत कारखान्यात गेली असतीस."

"आणि बोललास तेव्हा काय वाटलं, मी राहीन?"

"छे. तेव्हा वाटलं, ही आता नक्कीच जाणार. पण..." तो पावाच्या तुकड्याशी खेळू लागला. "म्हटलं, जायचीच असेल तर निदान मला शिव्या देत जाईल. आठवण तरी राहील."

"शिव्या दिल्या मी. खूप."

"पुरे झाल्या?"

"नाही..." ती हळूच म्हणाली. "अजून आहेत शिल्लक."

पाऊस काचेवर टिचक्या मारत होता. त्याचा हात टेबलावर होता, तिचाही होता, आणि मध्ये पावाची एक टोपली होती. ती त्यानं बाजूला सरकवली.

नेमका तेव्हाच फोन वाजला.

मावशी तो हातात घेऊनच बाहेर आली. तिनं टोपली पाहिली, हात पाहिले, दोघांचे चेहरे पाहिले आणि काहीच न पाहिल्यासारखं केलं. "कारखान्यातून आहे. मी सांगणार नाही. तूच सांग काय ते." फोन भाचीच्या हातात देऊन ती आत गेली. पण आतलं दार काही तिनं लावलं नाही.

"हो, बोलतेय," भाची म्हणाली. "हो... हो, माहीत आहे, आजच सांगायचं होतं."

वाढप्यानं चमचा खाली ठेवला होता. तो तिच्याकडे बघत नव्हता. टेबलाच्या लाकडातली एक रेघ बघत होता, जणू ती कुठे जाते हे आजच शोधायचं आहे.

"नाही," भाची म्हणाली. "मला नाही जमणार यायला."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आतल्या खोलीत एक भांडं घासता घासता थांबलं.

"कारण? कारण तसं काही मोठं नाही..." तिनं समोर पाहिलं. आता तोही बघत होता. "इथे एकजण जेवायला बसलाय. त्याचं होईपर्यंत मला उठता येणार नाही."

पलीकडचा माणूस बोलत राहिला. ती ऐकत राहिली. हळूहळू तिच्या गालांवर रंग चढत गेला. तिनं फोनवर तळहात दाबून धरला आणि टेबलावर पुढे झुकली.

"विचारतायत, किती वेळ लागेल म्हणून."

वाढप्यानं बाऊलमध्ये पाहिलं. तळाशी थोडंसंच उरलं होतं. त्यानं चमचा उचलला, त्यात अगदी जरासं सूप घेतलं, आणि तो तोंडापर्यंत न नेता तसाच हातात धरून ठेवला.

"सांग त्यांना," तो म्हणाला, "मी फार सावकाश जेवतो."